पेठेतील नाव आणि प्रयोगशाळेतील नाव

एखाद्या संस्थेने आपल्याच नियमांना हरताळ फासला, असे आपण सहज बोलून जातो. परंतु हा हरताळ म्हणजे काय आणि तो फासावयाचा कशासाठी, असे कोणी विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. दुकाने बंद ठेवण्याचा जो हरताळ, त्याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. हा हरताळ म्हणजे एक पिवळेधमक, पापुद्र्यापापुद्र्यांचे खनिज होय. छापखाने येण्यापूर्वी पोथ्या हाताने लिहिल्या जात. नकल करणाऱ्याच्या हातून चुकीचे अक्षर पडले, तर तो खोडाखोड करीत नसे. हरताळाची वस्त्रगाळ पूड डिंकाच्या पाण्यात कालवून त्या अक्षरावर फाशीत असे. कागदाच्या पिवळसर रंगात ती मिसळून जाई आणि वाळल्यावर तिच्यावर शुद्ध अक्षर लिहिता येई. लिहिलेले रद्द करावयाचे, म्हणजे त्यावर हरताळ फासावयाचा.

कारंजेकरांना पोथ्यांची महती सांगावयास नको. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारांनी या गावाचे नाव विद्वानांच्या जगात नेले आहे. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत येथील भांडारांना मोठे स्थान मिळाले. अशा जुन्या पोथ्यांच्या पानावर बहुधा तीन रंग दिसतात. काळी शाई काजळाची, तांबडी शाई हिंगुळाची, आणि शुद्धीकरणाचा पिवळा हरताळ. आजचा रसायनशास्त्रज्ञ त्याच पानाकडे पाहून म्हणेल की येथे एक कर्ब आहे, एक पारा व गंधक यांचे संयुग आहे, आणि एक आर्सेनिक व गंधक यांचे संयुग आहे. पान एकच आहे, परंतु त्याचे वर्णन करणाऱ्या भाषा दोन आहेत. या दोन भाषांचा परस्परसंबंध काय, आणि तो समजून घेण्याची सामान्य माणसास गरज का आहे, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम जुनी नावे कशी पडली ते पाहू. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतील. पहिला वर्ग रंगरूपावरून पडलेल्या नावांचा. मोरचूद या नावातला मोर उघडच आहे. मोराच्या मानेसारखा निळा म्हणून संस्कृतात त्याला मयूरतुत्थ म्हणत. दुसरा वर्ग चवीवरून किंवा गुणावरून पडलेल्या नावांचा. तुरटी ही तुरट लागते म्हणून तुरटी. तिसरा वर्ग देशावरून पडलेल्या नावांचा. सिंधू देशाचे ते सैंधव. आणि तुरटीच्या मातीला संस्कृत ग्रंथकार सौराष्ट्री म्हणत, कारण ती सौराष्ट्रातून येई. चौथा वर्ग मोठा गमतीचा आहे. तो म्हणजे परभाषेतून आलेल्या आणि इथला पोशाख चढविलेल्या नावांचा. नवसागराचा सागराशी काडीचाही संबंध नाही. तो फारसीतील नौशादर आहे. मुरदाडशिंगात ना कोणी मेलेले आहे, ना कोणाचे शिंग आहे. फारसीत मुर्दार संग म्हणजे मृत दगड. हा शब्द संस्कृत ग्रंथकारांच्या हाती आला तेव्हा त्यांनी त्याचे मृद्दारशृंग केले, आणि आपण त्याचे मुरदाडशिंग केले. पदार्थ शिशाचा प्राणिद, म्हणजे शिसे आणि प्राणवायू यांचे संयुग होय. किमया हा शब्दही असाच अरबीतून आला आहे. आपल्याकडे तो जादूच्या अर्थाने उरला, युरोपात त्याच्यापासून केमिस्ट्री झाली.

ही नावे देणारे लोक अडाणी होते, असे मात्र कोणी समजू नये. तेराव्या शतकाच्या सुमाराच्या रसरत्नसमुच्चय या ग्रंथात खनिजांची महारस, उपरस आणि साधारण रस अशी आठ-आठांच्या गटांत मांडणी केलेली आहे. रसार्णव या ग्रंथात धातूंच्या ज्वाळांचे रंग सांगितले आहेत, आणि तांब्याची ज्वाळा निळी असते हे तेथे नमूद आहे. जस्ताची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. जस्ताचे खनिज, ज्याला हे ग्रंथकार रसक म्हणत, ते तापविले तर जस्त वितळून खाली बसत नाही, वाफ होऊन उडून जाते. म्हणून ते हाती लागणे कठीण. रसरत्नसमुच्चयात यासाठी वांग्याच्या आकाराची मूस सांगितली आहे, तिचे नावच वृंताकमूषा. राजस्थानात जावर येथे १९८० नंतरच्या दशकात जे उत्खनन झाले, त्यात तशाच घाटाच्या मातीच्या मुशी भट्टीत जशाच्या तशा लावलेल्या सापडल्या. युरोपात इंग्लंडच्या विल्यम चँपियन याने जस्त काढण्याच्या कृतीचे पेटंट १७३८ साली घेतले, आणि जर्मनीतील मारग्राफ याने १७४६ साली जस्त हा स्वतंत्र धातू असल्याचे सिद्ध केले. तेव्हा आपल्या रसशास्त्र्यांचे हात कुशल होते. उणीव होती ती वेगळ्या ठिकाणी.

ती उणीव कोणती हे एका उदाहरणाने सांगतो. हरताळ पिवळा, मनशीळ तांबडी, सोमल पांढरा. तिन्ही नावे एकमेकांशी नाते सांगत नाहीत. हरताळ आणि मनशीळ ही दोन्ही आर्सेनिक आणि गंधक यांचीच संयुगे आहेत, फक्त प्रमाणात भेद आहे. मनशिळीत आर्सेनिक व गंधक यांचे अणू समसमान. हरताळात आर्सेनिकाचे दोन तर गंधकाचे तीन. यांपैकी कोणतेही हवेत जाळले की गंधकाचा धूर होऊन जातो आणि आर्सेनिक प्राणवायूशी संयोग पावून पांढरी वाफ होते; ती थंड पृष्ठावर बसली की झाला सोमल. म्हणजे हरताळ फासणाऱ्या लेखनिकाच्या वाटीत सोमलाचा सख्खा भाऊ बसलेला असे. जुन्या नावात हे नाते दिसत नाही. आर्सेनिकाचा गंधकिद आणि आर्सेनिकाचा प्राणिद असे म्हटले की ते एकदम दिसते.

उलट प्रकारही आहे. पारा आणि गंधक खलात घोटले की काळी कज्जली होते. हीच कज्जली काचकूपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, मंद ते तीव्र आच देत तापविली की कूपीच्या गळ्याशी तांबडे स्फटिक जमतात. त्याला रससिंदूर म्हणतात. आणि खाणीतून निघतो तो हिंगूळ. कज्जलीत थोडा मोकळा गंधक उरतो तो सोडला, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही तिन्ही एकच वस्तू आहे: पाऱ्याचा एक अणू आणि गंधकाचा एक अणू. काळ्या-तांबड्याचा फरक अणूंच्या रचनेतून येतो, घटकांतून नव्हे. मकरध्वजाच्या कृतीत सोनेही घालतात. परंतु सोने उडून जाणारे नसल्याने ते कूपीच्या तळाशी राहते आणि गळ्याशी जमतो तो पुन्हा पाऱ्याचा गंधकिदच. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनाचा इतिहास इंग्रजीत दोन भागांत, १९०२ आणि १९०९ साली प्रसिद्ध केला आणि या जुन्या ग्रंथांवर आधुनिक रसायनाचा प्रकाश पाडला. आपल्या परंपरेचा अभिमान आणि प्रयोगशाळेची कठोर कसोटी ही दोन्ही एका माणसाच्या ठायी नांदू शकतात, याचे ते उदाहरण होय.

घोटाळा केवळ आपल्याकडे होता असे नाही. युरोपातील किमयागार धातूंना ग्रहांची नावे देत. शिसे म्हणजे शनी, लोखंड म्हणजे मंगळ, तांबे म्हणजे शुक्र. शिशापासून बनणाऱ्या एका गोड लागणाऱ्या क्षाराला तिकडे शिशाची साखर म्हणत. आणि नावातली साखर विषाला झाकून टाकी. अठराव्या शतकात नवनवे पदार्थ इतके निघाले की जुन्या नावांचा भार विद्यार्थ्यास पेलेना. तेव्हा १७८७ साली पॅरिस येथे गिताँ द मॉर्व्हो, लाव्हाझिए, बर्तोले आणि फूर्क्रॉय या चौघांनी नवी नामपद्धती प्रसिद्ध केली. तिचे सूत्र साधे होते. नावाने पदार्थाचे घटक सांगावेत. पदार्थ कोठून आला, कसा दिसतो, कोणत्या ग्रहाचा आहे, हे सांगण्याचे कारण नाही. आज जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी याच सूत्राने लिहितात.

मग जुनी नावे टाकून द्यावीत काय? आम्हांस तसे वाटत नाही. घटक सांगणारे नाव पदार्थाचे काम सांगत नाही, आणि जुन्या नावांच्या भोवती कामाचे ज्ञान साठलेले असते. कल्हईवाल्याचे उदाहरण घ्या. तो तांब्यापितळेचे भांडे तापवून कथील लावतो आणि त्यावर नवसागराची चिमूट टाकून कापसाच्या बोळ्याने पुसतो. नाकात झोंबणारा पांढरा धूर उठतो आणि भांडे चांदीसारखे लखलखते. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापताच त्याचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन भाग होतात. हे आम्ल तांब्यावरचा गंज खाऊन टाकते आणि स्वच्छ धातूवर कथील धरते. कल्हईवाल्याने आम्लाचे नाव ऐकलेले नसेल, पण ते कोणत्या क्षणी मोकळे करावयाचे हे त्याचा हात जाणतो. सोनाराचा टाकणखारही असाच डाग देताना गंज विरघळवून धातूचा सांधा बसवितो.

याहूनही आपल्या ओळखीचे उदाहरण संत्र्याच्या बागेतले आहे. विदर्भातील बागाईतदार पावसाळ्यापूर्वी झाडाच्या बुंध्याला निळा लेप देतात. त्यास बोर्डो मलम म्हणतात. मोरचूद १ किलो, चुना १ किलो आणि पाणी १० लिटर असे त्याचे प्रमाण. फवारणीच्या मिश्रणात तेवढ्यालाच १०० लिटर पाणी घेतात. फ्रान्समध्ये बोर्डो शहराच्या आसपासचे शेतकरी रस्त्याकडेची द्राक्षे कोणी चोरू नयेत म्हणून वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत. त्या वेलींवर बुरशी पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहिले आणि १८८५ साली हे मिश्रण शास्त्रीय रीतीने पुढे मांडले. ते करताना लोखंडी भांडे वापरू नये असे सांगतात, आणि मिश्रण तयार झाल्यावर त्यात घासलेला लोखंडी विळा किंवा सुरी थोडा वेळ बुडवून पाहावयास सांगतात. लोखंडावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजावे.

हा तांबूस थर म्हणजे नेमके काय? मोरचूद हे तांबे, गंधक, प्राणवायू आणि पाणी यांचे संयुग. त्याच्या द्रावणात लोखंड बुडविले की लोखंड स्वतः विरघळून तांब्याची जागा घेते, आणि हुसकलेले तांबे लोखंडावर येऊन बसते. जे लोखंड विरघळले त्याचे हिराकस होते. प्राचीन किमयागाराने हेच दृश्य पाहिले आणि त्यास वाटले की लोखंडाचे तांबे झाले. मग तांब्याचे सोने का होऊ नये? त्याचे डोळे चुकले नव्हते, निष्कर्ष चुकला होता. मोरचुदात तांबे आधीपासूनच होते, हे मोर आणि तुत्थ या शब्दांत दिसत नव्हते. ताम्र हा घटक सांगणारे नाव असते तर धातुपालटाची ती आशा एवढी शतके टिकली नसती. किमया आणि रसायन यांमधली सीमारेषा त्या विळ्याच्या पात्यावर काढता येते.

आता ज्यासाठी हा विषय मांडला त्या मुद्द्याकडे वळतो. एका पदार्थाला दहा नावे असली तर फार तर स्मरणशक्तीस त्रास होईल. परंतु एका नावाखाली दोन पदार्थ असले तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते. रसकापूर घ्या. नावात कापूर आहे, पण आरतीच्या कापराशी त्याचे रंगापलीकडे साम्य नाही. हे पारा आणि क्लोरीन यांचे संयुग. अशी संयुगे दोन आहेत. एकात पाऱ्याच्या एका अणूमागे क्लोरीनचा एक. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि पाश्चात्त्य डॉक्टरही एकेकाळी ते कॅलोमेल या नावाने रेच म्हणून देत. दुसऱ्यात एकामागे दोन. ते पाण्यात विरघळते आणि जहाल विष आहे. दोन्ही पांढरी, दोन्ही पाऱ्याचीच. आणि कृतीतील फरकाप्रमाणे रसकापूर या एकाच नावाखाली पहिले, दुसरे किंवा दोहोंचे मिश्रण येऊ शकते. नाव वाचून हे कळत नाही. पृथक्करण केले तरच कळते.

सुरम्याचीही तीच कथा. शब्दकोशात सुरमा म्हणजे अँटिमनीचा गंधकिद. परंतु पेठेत त्या नावाने पुष्कळदा शिशाचा गंधकिद मिळतो, कारण तोही तसाच काळाभोर व चमकदार असतो. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूस अपाय करते. ते तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत घालणे किती घातक, हे सांगावयास नको. सिंदूर या शब्दाखाली तर एक मोठे कुटुंबच नांदते. मारुतीला लावतात तो शेंदूर शिशाचा. रससिंदूर पारा व गंधकाचा. गिरिसिंदूर पारा व प्राणवायूचा. आणि जुन्या रीतीचे कुंकू हळदीवर टाकणखार, तुरटी व लिंबू यांची क्रिया करून बनविलेले, ज्यात शिसेही नाही आणि पाराही नाही. सगळे तांबडे; पण पहिले तीन पोटात जाता कामा नयेत असे, आणि चौथे मुळात स्वयंपाकघरातले.

जेथे लोकांना रोजचा व्यवहार करावयाचा असे तेथे त्यांनी सूक्ष्म भेद पाळले, हेही खरे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहा. उल्कापाताने झालेल्या त्या विवरातील पाणी खारे आहे, आणि काच व साबण यांस लागणारी द्रव्ये तेथे मिळतात असा उल्लेख अबुल फजलच्या ऐने-अकबरीत आहे. तेथील खार गोळा करणाऱ्यांनी त्यास दल्ला, निमक दल्ला, पापडी, भुसकी अशी निरनिराळी नावे ठेविली होती. प्रयोगशाळेच्या भाषेत ही सोडियमच्या कार्बोनेट, बायकार्बोनेट व क्लोराइड यांची कमीअधिक प्रमाणातील मिश्रणे होत. ज्यात मिठाचा अंश अधिक त्यास निमक हा शब्द लावणाऱ्या माणसाने आपल्या जिभेने पृथक्करणच केले होते. परंतु जिभेचे पृथक्करण मिठापाशी चालते, सोमलापाशी चालत नाही. सोमलाला चव नाही, वास नाही, आणि पिठात तो पिठासारखा दिसतो. तेथे जिभेला विचारावयास जाणे म्हणजे जीव गमावणे.

कायद्याने या अडचणीवर काढलेला मार्ग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील नियमांना ई (१) नावाची एक अनुसूची जोडलेली आहे. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांत येणारी विषारी द्रव्ये तीत नोंदविली आहेत. खनिजांच्या यादीत गौरीपाषाण म्हणजे आपला सोमल, हरताळ, मनशीळ, पारा, रसकापूर, मोरचूद, हिंगूळ, सिंदूर व गिरिसिंदूर ही नावे आढळतात. आणि प्रत्येक जुन्या नावापुढे नवे रासायनिक नाव लिहिलेले आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे बंधनकारक आहे. कायद्याने जुने नाव पुसले नाही. त्याच्याशेजारी दुसरे नाव उभे केले. आम्हांस हीच रीत योग्य वाटते.

नवी नावे परकी आणि अवघड असतात, ती लोकांत रुजत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिला उत्तर आपल्या शेतकऱ्यानेच दिले आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द पंडितांनी घडविले. आणि आज शाळेची पायरी फारशी न चढलेला कापूस-सोयाबीनचा शेतकरीदेखील खताच्या गोणीसमोर उभा राहून ते बिनचूक बोलतो, त्यांचे आकडे ताडून पाहतो आणि मग पैसे मोजतो. आपल्या पिकाच्या पोटात काय जाते हे विचारण्याची सवय त्याला लागली, म्हणून शब्दही आले. आपल्या स्वतःच्या आणि मुलाबाळांच्या पोटात काय जाते हे विचारण्याची तीच सवय घरोघर लागली पाहिजे.

तेव्हा तुरटी, मोरचूद, नवसागर हे शब्द आपल्या तोंडी राहोत. त्यांत कारागिरांचे आणि शेतकऱ्यांचे शहाणपण आहे. मात्र पुडीतली वस्तू अंगाला लावावयाची, डोळ्यांत घालावयाची किंवा पोटात घ्यावयाची असेल, तर देणाऱ्यास एवढे अवश्य विचारावे की याचे दुसरे नाव काय. ते त्यास सांगता आले नाही, तर ती पुडी न घेता परत यावे.